वरून जाऊ देऊ नको

थॉर्नशॉ, लँकेशायर
११ ऑक्टोबर १९०८

थोरल्या,

हे पाकीट तू फोडणार नाहीस, हे मला इथं बसून दिसतंय. तरी लिहितोय. खरं तर आईला लिहायचं आहे; पण आईला वाचता येत नाही, म्हणजे गाडी फिरून तुझ्याच दारात.

आई, ऐकत असशील तर ऐक. पोचलो. बोटीत पोटातलं सगळं समुद्राला देऊन टाकलं, पण ट्रंक शाबूत आहे. खोली मिळाली. घरमालकीण ऑर्मरॉडबाई म्हणून आहेत, नवरा वारलेला, जीभ मात्र दोघांची चालवतात. दारातच विचारलं, "तू मिस्सावाला ना, कॅथलिक? मग शुक्रवारी मांस चालत नाही म्हणून तुझ्यासाठी वेगळी मासळी करायला मी काही रिकामी बसलेली नाही." आणि पहिल्याच शुक्रवारी ताटात मासळी. मी बघितलं तर म्हणाल्या, "बघतोस काय मेल्या, गार होतेय."

आता तुझ्याशी, मलाकी. माफी मागायला हे पत्र नाही, ते आधीच सांगतो. "त्या सोजिरांच्या खेळाचे पैसे घेतलेस तर या दारातून पुन्हा आत यायचं नाही," असं तू चुलीपाशी म्हणालास, ते एक वेळ घरातलं घरात. पण रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकाशी उभं राहून, आपले आयरिश खेळ राखणाऱ्या गावच्या गेलिक क्लबाचा चिटणीस म्हणून, तो ठराव वाचायची काय गरज होती? 'बार्थोलोम्यू गॅव्हिगन, राहणार किलब्रॅक, परकीय खेळ खेळल्याबद्दल बाद.' बार्थोलोम्यू! बाप्तिस्म्यानंतर मला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. राहणार किलब्रॅक म्हणे! एका पांघरुणात वाढलो आपण, अर्धं तू ओढायचास.

आणि मी असा कोणता देश विकला? कोबीची गाडी घेऊन छावणीवरून चाललो होतो, भिंतीवरून चेंडू आला, झेलला. एका हातानं, दुसऱ्यात लगाम होता. भिंतीवर चढलेल्या सार्जंटची टोपीच पडली. त्याचं गाव हे थॉर्नशॉ, त्यानं इथल्या क्लबाला कळवलं, त्यांनी पगारी गोलकीपर म्हणून बोलावलं, बस. पण ते हात कुणी तयार केले? सांग ना! मागच्या कुरणात दोन झाडांना दोर बांधून मला मध्ये उभं कोण करायचं? आपल्या खेळात दोराखालून गेला तर तीन गुण, दोरावरून गेला तर एक, आणि तो एक गेला तरी तू असा चिडायचास की जसा काही वळू सुटला. "वरून जाऊ देऊ नको! बार्टल, वरून जाऊ देऊ नको!" आजही झोपेत हात वर जातात.

तेच भोवलं. काल पहिला सामना. सगळं थॉर्नशॉ गिरणीतून सुटून मैदानावर आलेलं. त्यांच्या एका फॉरवर्डनं असा लाथाडला की चेंडू दांड्यावरून चांगला दोन हात वर चाललेला. इथं वरून गेला तर काहीच नाही, थोरल्या! गुण नाही, काही नाही, कुणीतरी जाऊन चेंडू आणतं एवढंच. मला हे सांगितलेलं होतं. पण माझे हात कुठं इंग्रजी शिकलेत? मी झेप घेतली, बोटांनी चेंडू ओढून खाली आणला, आणि आणला तो थेट त्याच फॉरवर्डच्या पायाशी. त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं. बिचाऱ्याला वाटलं असेल, देणगी आहे. मग त्यानं गोल केला.

मैदान असं हसलं की गिरणीचा भोंगा वाजला असता तरी ऐकू आला नसता. आमचा ट्रेनर एनॉक म्हणून म्हातारा आहे, तो रेघेपाशी येऊन म्हणाला, "पोरा, तुमच्याकडं आभाळालाही राखण घालतात का रे?"

मला वाटलं, परतीची बोट. पण पुढं बाकीचं सगळं अडवलं, आणि क्लबाचे सेक्रेटरी शेवटी म्हणाले, "राहू दे. हात चांगले आहेत, डोकं येईल मागून." सुटलो एकदाचा. तुला कधी एवढं हायसं वाटलंय का, की गादीवर पडून उगाच हसू यावं? तसा पडलोय आणि लिहितोय.

बार्टल

थॉर्नशॉ
१७ जानेवारी १९०९

थोरल्या,

सापडलास! डेलियाचं पत्र आलंय.

वर्षभर डब्लिनच्या बाईंची चांदी घासून आपली बहीण नाताळला घरी येते काय, फडताळातल्या निळ्या ताटामागं माझी पाकिटं न फोडलेली बघते काय, आणि आईला बसवून एकेक मोठ्यानं वाचते काय! शाबास तिची. आणि तू? तू म्हणे पाठ करून बसलास, घोड्याचा पट्टा शिवत. 'मी ऐकत नाहीये' असंही एकदा बजावलंस. पण डेलिया लिहिते, तो एकच टाका तू सगळी पत्रं संपेपर्यंत घालत होतास, आणि आभाळाच्या राखणीपाशी तुझे खांदे हलले. थंडी असेल.

मग ऐकतच नाहीस तर ऐक. इथल्या नियमात गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठंही चेंडूला हात लावता येतो. फक्त हातात धरून पळायचं नाही, दोन पावलांत सोडायचा. इथले गोली काय करतात, धरतात आणि भिरकावतात. कुणालाच सुचलं नाही की दोन पावलं, टप्पा, दोन पावलं, टप्पा, असं मधल्या रेघेपर्यंत जाता येतं! तू मला गल्लीतल्या चिखलातून, दोन्ही भिंतींना न लागता टप्पे द्यायला लावायचास, आठवतं? इथं तर छान गवत आहे. परवा मी चेंडू घेतला आणि निघालो. समोरचे बघतच राहिले, म्हैस घरात शिरल्यासारखे. मधल्या रेघेवर जाऊन चेंडू आमच्या फॉरवर्डच्या पायात ठेवला. गोल!

आता मी निघालो की सगळं मैदान ओरडतं, "आला पोस्टमन!" कारण मी दारात आणून देतो. गंमत बघ, पोस्टमन मी, आणि मलाच तुझं एक पत्र येत नाही.

आई, पायांना ऊब ठेव. मलाकी, टाका सोड आता.

बार्टल

थॉर्नशॉ
५ जून १९१०

थोरल्या,

उन्हाळा मला आवडत नाही. तुला चमत्कारिक वाटेल, पण धंदेवाईक खेळाडूचा उन्हाळा म्हणजे सुट्टी, आणि सुट्टीत सगळे घरी जातात. आमचा स्कॉटिश बॅक गेला, तो काळा केसाळ वेल्शवाला गेला, सगळ्यांच्या आया स्टेशनावर. मी ऑर्मरॉडबाईंच्या भिंतींना चुना लावतोय. आज म्हणाल्या, "हे घर इतकं पांढरं झालंय की रस्त्यातून जाणाऱ्याला वाटावं दवाखाना आहे. तुला घर नाही का रे?" मी म्हटलं आहे. "मग?" मी म्हटलं, थोरला भाऊ आहे. त्यांनी मान हलवली. त्यांना चार दीर होते, पटकन कळलं.

एप्रिलमध्ये हातावर एकाचा बूट पडला होता. सुजून भाकरी झाली. एनॉक म्हणाला, मोडला असेल तर संपलं, गिरणीत सूत जोडायला बस. डॉक्टरकडं जाईपर्यंत मी सगळ्या संतांची नावं घेतली, ज्यांची घेतली नव्हती त्यांचीही. डॉक्टरनं दाबून बघितलं आणि म्हणाला, "मुका मार आहे, जा." त्याच्या हाताचा मी मुकाच घेणार होतो. बाहेर येऊन फूटपाथवर बसलो. हा हात गेला असता तर आपल्या कुरणातलं शेवटचं काही माझ्याजवळ राहिलं नसतं, हे तिथं बसल्यावर कळलं.

कुरणातलं गवत कापलंत का? या दिवसांत कापायचं. पाऊस येण्याआधी उरकून घ्या. विळा तुझा डावीकडं ओढतो, हे तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

बार्टल

थॉर्नशॉ
१८ फेब्रुवारी १९१२

मलाकी,

आज थोरल्या वगैरे नाही.

सोमवारी घरी धावून आलेल्या डेलियाची तार आली. आईला न्यूमोनिया, फादर शेवटच्या संस्काराचं तेल लावून गेले. मी तुला तार केली: 'येऊ का?' दोनच शब्द. दिवसभर दारात उभा होतो. तारवाला यायचा आणि पुढं निघून जायचा. ऑर्मरॉडबाई माझ्यावर ओरडल्या, "आईकडं जायला परवानगी लागते होय रे? जा की सरळ!" पण मला माहीत आहे ना आपलं घर. मी दारात, तू दारात, आणि मध्ये आईची खाट. तिनं शेवटचं काय ऐकायचं, आपली भांडणं? म्हणून विचारलं. आणि तू गप्प.

बुधवारच्या बोटीनं निघणारच होतो, हाकलतोस तर हाकल म्हणून. ट्रंक बांधली. तेवढ्यात डेलियाची दुसरी तार: ताप उतरला, बटाट्याचं सूप प्याली, मीठ कमी आहे म्हणाली. मीठ कमी आहे म्हणाली! मी जिन्यावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. बाईंनी चहाचा कप पायरीवर ठेवला, म्हणाल्या, "रड. जिन्यावर कुणी बघत नाही," आणि आत जाऊन स्वतःही नाक शिंकरलं.

देवाची कृपा. पण आता माझं ऐक, आणि पट्टा खाली ठेवून ऐक. मी पुन्हा विचारणार नाही. तुझा राग खेळावर आहे ना? तो खेळही आता चाललाय. लंडनमध्ये कोटवाली मंडळी ठरवतायत, की पुढच्या हंगामापासून गोलकीपरनं हात लावायचा तो फक्त आपल्या गोलासमोरच्या चौकोनात. म्हणजे टप्पे संपले. सेक्रेटरी म्हणाले, "पोस्टमनचा रस्ताच बंद झाला, गॅव्हिगन. बघू ठेवायचं का ते." बघू म्हणजे काय ते मला कळतं.

ईस्टरच्या सोमवारी आमचा क्लब डब्लिनला येतोय, तिथल्या एका संघाशी मैत्रीचा सामना. इतक्या वर्षांनी आयर्लंडच्या मातीवर पाय ठेवणार. तिथून अथलोनपर्यंत आगगाडी आहे, पुढं आपलं गाव चालत. आईला भेटायचंय. ती परत आजारी पडायच्या आधी, चालती-बोलती, मिठाची तक्रार करत असताना. दार तू बंद केलंस, तूच उघड. एक ओळ लिही. नसेल लिहायची तर मी डब्लिनहून परत फिरेन, आणि मग हे शेवटचं.

बार्थोलोम्यू गॅव्हिगन
(राहणार कुठंच नाही)

थॉर्नशॉ
१० एप्रिल १९१२

थोरल्या! अरे थोरल्या!

हसून हसून बरगड्या दुखतायत. एनॉक माझ्याशी बोलत नाहीये, सेक्रेटरी बोटीत माझ्याकडं पाठ करून बसले, आणि मला कशाचंच काही वाटत नाही.

तुझी ओळ आली नव्हती. सोमवारी मैदानावर उतरलो तेव्हा माझं मन परतीच्या बोटीत बसलेलं होतं. कठड्याजवळ बघतो तर किलब्रॅकची पोरं! टोप्या नाकापर्यंत ओढलेल्या, कॉलर वर. हॅन्लीची ती दोघं, लोहाराचा लाल्या. तुमच्या क्लबाच्या कमिटीनं परका खेळ बघताना धरलं तर दोन वर्षं बाद, तरी आलेली, सवलतीच्या गाडीनं. त्यांना बघून मला भरून आलं. म्हटलं, चला, यांच्यासाठी शेवटचं एकदा. चेंडू आला, घेतला आणि निघालो. दोन पावलं, टप्पा, दोन पावलं, टप्पा. मधल्या रेघेपर्यंत. डब्लिनकर म्हणाले, हा काय प्रकार. पण त्या ओढलेल्या टोप्यांखालून अशी आरोळी उठली की पुसू नकोस! आपला खेळ परक्या मैदानावर चाललेला त्यांनी ओळखला.

आणि मग सामना बरोबरीत, शेवट जवळ आलेला. त्यांच्या फॉरवर्डनं लांबून उचलला. उंच. दांड्यावरून जाणार, अगदी स्पष्ट. आता मी काही नवखा नाही, थोरल्या, इतकी वर्षं झाली. हात खाली सोडून उभा होतो, बघत होतो, जातोय बापडा. आणि कठड्यामागून आवाज आला:

"वरून जाऊ देऊ नको! बार्टल! वरून जाऊ देऊ नको!"

मग मी काय करणार? तूच सांग! अंगात आल्यासारखा उडालो. बोटांना चेंडू लागला, ओढून खाली आणला, मी उताणा, चेंडू त्या फॉरवर्डच्या पायाशी, आणि तो जाळ्यात. हरलो. चिखलात पडल्या पडल्या मी मान वळवली. किलब्रॅकच्या सगळ्या टोप्या एकदम मागं वळलेल्या, आणि त्यांच्या मागं, रविवारचा कोट घालून, दोन्ही हात आभाळाकडं केलेला, तू.

तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. फादरांच्या बागेतलं सफरचंद खाताना धरलं होतं ना, तेव्हा झालं होतं तसं. मी हात हलवला. तू हात खाली घेतलेस, टोपी घातलीस, काढलीस, पुन्हा घातलीस, आणि नाहीसा झालास. एनॉक येऊन डोक्याशी उभा राहिला. "इतकी वर्षं! इतकी वर्षं झाली रे तुला!" मी म्हटलं, "म्हाताऱ्या, तो माझा भाऊ होता." तो म्हणाला, "कोण, तो फॉरवर्ड?"

कपडे न बदलता फाटकाकडं धावलो. तू गेलेला. डेलिया उभी होती, डोळ्यांना पदर लावल्यासारखा रुमाल लावून, हसतेय की रडतेय कळेना. तिनं सगळं सांगितलं. कमिटीला कुणकुण लागली होती पोरांची, म्हणून नावं टिपायला चिटणीसालाच धाडलं. धन्य तुमची कमिटी! सामना बघायला गेला तर गुन्हा, आणि बघणाऱ्यांना बघायला गेला तर देशसेवा.

डेलिया म्हणाली, "तो बाहेरच उभा राहणार होता रे, फाटकाशी, पेन्सिल घेऊन. मीच म्हटलं, मलाकी, इथून कुणाच्या टोप्यांखालचं काय दिसणार? नावं सगळी आत आहेत. तर म्हणाला, 'कामापुरतं जातो, खेळाकडं बघणार नाही.' आणि तू चेंडू घेऊन निघालास ना, तेव्हा याची पेन्सिल खाली पडली. ती उचललीच नाही त्यानं."

"नावं लिहिली?"

"एकही नाही."

"जाताना माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"म्हणाला, 'उडी मारताना त्याचा डावा खांदा अजून आधी उठतो.'"

उठतो, थोरल्या. अजून उठतो. कुणी मोडायला नव्हतंच ना सवय.

मी गावाकडं आलो नाही. शब्दाला जागलो, तुझी ओळ नव्हती. पण आता मला चिंता आहे ती तुझी. सगळ्या पोरांनी ऐकलंय. तुला काही करतील का रे ते? मला बाद केलंत ते मी पचवलं, पण तुझा तो क्लब म्हणजे तुझा श्वास आहे, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हण की डेलियानं ओढून नेलं. म्हण की चक्कर आली होती. काहीही म्हण.

बार्टल

किलब्रॅक
२९ एप्रिल १९१२

बार्टल यास,

पत्र लिहायची मला सवय नाही, ठराव लिहायची आहे. तेव्हा क्रमानं सांगतो.

शुक्रवारी शाळेत कमिटी बसली. विषय एक, मी. अध्यक्ष म्हणून म्हातारे हॅन्ली. त्यांनी विचारलं, "मलाकी, तू त्या मैदानावर ओरडलास हे खरं?" मी म्हटलं खरं. डेलियाचं नाव घेतलं नाही, चक्करही आली नाही. "काय ओरडलास?" मी सांगितलं. मग लोहार म्हणाला, "म्हणजे यानं ओरडून इंग्रजांच्या गोलीकडून गोल खाववला. हा परकीय खेळाला मदत की अडथळा?" त्यावर बराच वाद झाला. निम्मे म्हणाले, बक्षीस द्या. शेवटी हॅन्ली माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "पण पोरानं अडवला ना रे वरचा?" मी म्हटलं, "अडवला." "शाब्बास," म्हणाले, आणि मग घसा साफ करून म्हणाले, "नियम तो नियम."

दोन वर्षं बाद. ठराव चिटणीसानं लिहायचा असतो, तो मीच लिहिला. काल मिस्सा झाल्यावर फाटकाशी मीच वाचला. मलाकी जोसेफ गॅव्हिगन, राहणार किलब्रॅक. पूर्ण नाव वाचताना कसं वाटतं ते कळलं. ते तुला कधीतरी तोंडानं सांगेन, लिहून सांगता येत नाही. वाचून झाल्यावर चिटणीसाचा शिक्का हॅन्लींच्या हातात दिला. मला वाटलं होतं घरी येऊन कुठं तोंड लपवू. पण वाटेत चालता चालता लक्षात आलं, की मी शीळ घालतोय.

फेब्रुवारीतल्या तुझ्या तारेबद्दल. मी 'ये' असं उत्तर लिहिलं होतं. पोस्टात जाऊन उभा राहिलो. तिथं कमिटीतले दोघं होते. मी टपालाचं एक तिकीट घेतलं आणि तार न करताच परत आलो. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, बार्टल. तू रागावलास ते बरोबर होतं.

काल आई म्हणाली, "आता तूही बाद ना? मग ती पाकिटं काढ आणि स्वतः वाच बघू." सगळी वाचली. डेलियानं विळ्याबद्दलचं आईला वाचून दाखवलंच नव्हतं. माझा विळा डावीकडं ओढत नाही.

आता नियमाचं. घरात दोघं बाद झाले. बाद माणसानं बाद माणसाशी बोलू नये, त्याला घरात घेऊ नये, असा नियम आहे का, म्हणून मी नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. नाही. कुठंही नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, हे मी चार वर्षं पुस्तक न वाचता सांगत होते.

तर हंगाम संपला की ये. तुझ्या बाईंच्या भिंती पुरे पांढऱ्या झाल्या. सप्टेंबरात क्लबानं बोलावलं तर पुन्हा जा, तुझं पोट तुझ्या हातांवर आहे. टप्पे बंद झाले तरी हात आहेत. नाही बोलावलं तर इथं गवत आहे.

कुठल्या गाडीनं येतोस ते कळव, अथलोनला मी गाडी घेऊन उभा राहीन. आईनं तुझी खाट उन्हात टाकली आहे. झाडांमधला दोर कुजला होता, तो काढून टाकला. काल संध्याकाळी नवा बांधला. जरा उंचच बांधला आहे.

तुझा भाऊ,
मलाकी